सत्तारचाचांनी बिघडवलेली गादी

बाळापुरात अब्दुल सत्तार यांच्या गादीवर कधीच न झोपलेला माणूस शोधायचा म्हटला, तर तो बाहेरगावाहून आणावा लागेल. मी तशी बाहेरगावचीच. रोज सकाळी अकोल्याहून एसटीने येते, मुलांना विज्ञान शिकवते आणि संध्याकाळी परत जाते. पण माझ्याही घरी त्यांची गादी आहे. ती घेतली तेव्हा नवरा म्हणाला होता, एवढ्या लांबून गादी कशाला आणायची? आता तो त्या गादीवरून उठत नाही, ही माझी वेगळी तक्रार आहे.

चाचांचं दुकान किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. पुढे रुंद लाकडी फळी, आत पिंजायचं मशीन आणि सगळीकडे कापूस. तो पंख्याच्या पात्यांवर असतो, गिऱ्हाइकाच्या चहात पडतो, चाचांच्या भुवयांत अडकतो. त्यांच्या दाढीत पिकलेले केस किती आणि कापूस किती, हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही. अंगाने माणूस आडवा, आवाज जिनिंगच्या भोंग्यासारखा. आणि विनय म्हणाल, तर तो त्यांच्या दुकानावरून कधी गेलाच नसावा.

"मॅडम," पहिल्या भेटीतच ते मला म्हणाले होते, "बाजारातली गादी दोन वर्सात पापड होते. मायी गादी बसत नाई. बसली त वापस आणा, मी तिच्यावर बसून रडीन."

त्यांची एक परीक्षा होती. गादी भरून, दाभणाने टाके घालून झाली की ती फळीवर टाकायची, तिच्यावर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा आणि मग स्वतः धपकन शेजारी बसायचं. चाचा बसले की फळी कण्हायची, पण ग्लासातला चहा नुसता थरथरायचा, सांडायचा नाही. मग तोच चहा पिऊन टाकायचा, गादीवरून एकदा तळहात फिरवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "घ्या, बिनघोर निजा." हा सोहळा पाहायला रस्त्यावरचे लोक थांबत. मीही थांबले आहे आणि त्यापायी माझी एसटी चुकली आहे.

अशा माणसाला आयुष्यात एकदा मुद्दाम खराब गादी करावी लागली. ती त्यांनी कशी केली, ते मला सांगायचं आहे.

अरीबा ही चाचांची नात, लेकीची लेक. लेक आबेदा दुकानातच शिलाई मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवते. जावई अकोल्याला डाळ मिलमध्ये कामाला आहेत, ते सुटीच्या दिवशी घरी येतात. त्यामुळे अरीबा वाढली ती नानाच्या दुकानात, गल्लीत गुंडाळून ठेवलेल्या गाद्यांवरून उड्या मारत. एक वळकटी ओलांडली की तिच्यावर दुसरी. आबेदा आतून ओरडायची, आणि नाना गुपचूप तिसरी वळकटी रचून द्यायचे.

आमच्या शाळेत उंच उडी म्हणजे कैची. वाळूचा खड्डा, दोन खांब, मध्ये दांडी. बाजूने पळत यायचं, आधी एक पाय वर, मग दुसरा पाय वर आणि वाळूत उभं राहायचं. नववीतली अरीबा या कैचीवर तालुक्यातल्या कोणत्याही मुलीला भारी होती. खेळाच्या नावाखाली माझे तास बुडतात म्हणून मी खेळाच्या सरांवर कायम खार खाऊन असते. तरी अरीबा धावायला उभी राहिली की माझं शिकवणं खिडकीपाशी येऊन थांबतं, हे माझ्या वर्गातल्या पोरांनी केव्हाच ओळखलं होतं.

हे खेळाचे सर म्हणजे अंकुर सर. शेंदूरजनाघाटचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले, अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकून आलेले. वय लहान आणि उत्साह नको तितका. आले त्याच वर्षी मला म्हणाले, "मॅडम, कैचीवर ही पोरगी अडकून राहीन. तिले पाठीवरून न्यावं लागते."

पाठीवरून म्हणजे दांडीकडे पाठ करून, डोकं आधी, पाय शेवटी. मला तो निव्वळ वेडेपणा वाटला. मग सरांनी मोबाईलवर संथ गतीने एक उडी दाखवली आणि त्या दिवशी मी माझा तास आपणहून बुडवला.

गंमत अशी आहे. माणूस उभा असतो तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोलून धरता येईल तो बिंदू, बेंबीच्या आसपास असतो. कैचीत मुलगी जवळजवळ बसल्यासारखी दांडीवरून जाते, त्यामुळे तो बिंदू दांडीच्या चांगलाच वर उचलून न्यावा लागतो. पण तिने अंग मागे वाकवून कमान केली, तर तो बिंदू अंगात राहतच नाही. मी वर्गात हातातली बांगडी काढून दाखवली. बांगडी जिथे तोलली जाते तो बिंदू काचेत नसतो, मधल्या पोकळीत असतो. पाठीची कमान करून जाणाऱ्या मुलीचंही तसंच. डोकं पलीकडे उतरायला लागलेलं, कंबर दांडीवर, पाय अजून अलीकडे. अंगाचा एकेक भाग वरून जातो आणि वजनाचा बिंदू मात्र दांडीच्या खालून निसटू शकतो. पायातला जोर तेवढाच, आणि उडी जास्त.

हेच मी बांगडी दाखवून चाचांना समजावलं, तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे पोट्टी वरून जाते अन् तिचं वजन खालून? हे त नाक्यावर चुंगी चुकवनं झालं, मॅडम!"

पण ही चुंगी चुकवायला सरळ धाव चालत नाही. शेवटी वळण घ्यावं लागतं. पातूरच्या घाटात मोटारसायकलवाला वळणावर आतल्या अंगाला कलतो, तशी मुलगी दांडीपासून दूर, वळणाच्या आत कलते. शेवटून दुसऱ्या पावलाला कंबर थोडी खाली जाते, मग दांडीपासून लांबचा पाय रोवला जातो आणि कललेलं अंग उभं होत होत वर जातं. एकदा हवेत गेल्यावर वाट बदलता येत नाही. पाठ दांडीकडे फिरणं, डोकं मागे जाणं, हे सगळं जमिनीवरच्या त्या वळणात कमावून ठेवावं लागतं. जे लोक 'उडी म्हणजे काय, पायात ताकद पाहिजे' असं म्हणतात, त्यांना मी एकदा त्या वळणावर पळवणार आहे. अरीबाने ते वळण मैदानावरच्या कडुनिंबाला फेऱ्या घालून घालून अंगात मुरवलं. आता प्रश्न एकच उरला होता. पाठीवर पडायचं कशावर? वाळूत पाठीवर पडलं तर माणूस उठत नाही.

शाळेला चांगली मॅट मिळणार होती. ती गेली कित्येक वर्षं मिळणारच आहे.

"मॅट कायले पाहिजे?" चाचा गरजले. "नातीच्या पाठीखाले सत्तारची गादी नाई त कोनाची?"

त्यांनी ती गादी जीव ओतून केली. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस, ठासून भरलेला. जाड पट्ट्यापट्ट्यांची खोळ, जवळजवळ घातलेले टाके. गावातल्या कुठल्या नवरदेवाला अशी गादी मिळाली नसेल. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांवर फळ्या, फळ्यांवर ती गादी. चाचांनी ती हातगाडीवरून वरातीसारखी मिरवत आणली होती. अंकुर सरांनी हाताने दाबून पाहिली, हाताला ती मऊ लागली. चाचांनी मैदानावरच चहाची परीक्षा घेतली. थेंब सांडला नाही म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यात मीही होते.

अरीबा वळणावरून आली, पाय रोवला, पाठीची कमान झाली आणि दांडी हललीसुद्धा नाही. सगळं मैदान ओरडलं. आणि मग गादीने तिला परत फेकलं.

तिचे खांदे गादीवर आपटून जागच्या जागी थांबले, पण मागून येणाऱ्या पायांना कोणी थांबवलं नव्हतं. तिचाच गुडघा तिच्या तोंडावर बसला आणि मानेला झटका बसला. पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीवर रक्त पडलं. पुढचा दात अर्धा तुटला, मानेला पट्टा लागला. त्याहून जास्त काही झालं नाही, ही देवाची दया. अंकुर सरांना मी त्या दिवशी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. नातीला दवाखान्यात नेऊन आणल्यावर चाचा पुन्हा मैदानावर आले आणि गादीकडे पाहत उभे राहिले. गादी कुठेच बसली नव्हती. जशीच्या तशी होती.

त्यानंतर दुकानातली चहाची परीक्षा बंद झाली. लोक गाद्या घेऊन जात होते, पण 'बिनघोर निजा' हे शब्द काही कानावर येत नव्हते. एवढा गडगडणारा माणूस गप्प झाला की रस्तासुद्धा सुना वाटतो, हे मला एसटीसाठी जाता-येता जाणवायचं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ते स्वतःच प्रयोगशाळेत आले. अंकुर सरही तिथेच डबा खात होते. मी अजून त्यांच्याशी नीट बोलत नव्हते.

"मॅडम, गादी चांगली होती," चाचा म्हणाले. "मंग पोट्टीले काहून लागलं?"

मी खडू उचलला, पण अंकुर सरांनी डब्याशेजारचं संत्रं हातात घेतलं. "चाचा, आमच्या बागेत शेंड्यावरचं संत्रं खाली टाकतात न, तवा दोघं जन खाली चादर धरतात. चादर ताणून धरली त संत्रं उसळते अन् बाजूले पडून फुटते. सैल धरली त ते चादरीसंग खाली जाते, हळूहळू थांबते. त्याले खरचटत बी नाही."

मी पुढचं सांगितलं. पडणाऱ्याला कुठेतरी थांबायचंच असतं. त्याला झटक्यात अडवलं तर सगळा मार एका क्षणात बसतो. अंतर देत, सावकाश अडवलं तर तोच मार विरून जातो. "चाचा, तुमची गादी झोपणाऱ्यासाठी सोनं आहे," मी म्हटलं, "पण पडणाऱ्यासाठी ती भिंत आहे."

चाचांनी संत्रं हातात घेऊन दाबून पाहिलं. "म्हंजे मी बसनारी गादी भराची?"

"हो."

"पहिल्या उडीले बसनारी?"

"प्रत्येक उडीला बसणारी. आणि परत फुगणारी."

चाचा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सारी जिंदगी मी गादी बसू नाई म्हनून मरून राहिलो अन् तुमी मले म्हंता खराब गादी भर. मायाच्यानं नाई होनार. मायी बोटं आयकनार नाईत." संत्रं टेबलावर आपटून ते निघून गेले. मला वाटलं, विषय संपला.

पण दोनेक दिवसांनी दुकानावरून जाताना पाहिलं, तर ती नवरदेवाची गादी फळीवर पालथी पडली होती आणि चाचा स्वतःच घातलेले टाके कात्रीने एकेक उसवत होते. मी थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "बसा, मॅडम. खराब काम कसं कराचं ते सांगा."

बोटं खरंच ऐकत नव्हती. चाचा कापूस सैल सोडायला बसायचे आणि बोलता बोलता हात आपोआप ठासायला लागायचा. आबेदा मशीनवरून मान वळवायची. "अब्बा, फिर ठूस रहे तुम." चाचा चिडायचे, कापूस बाहेर काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. अंकुर सर गोळाफेकीचा लोखंडी गोळा घेऊन यायचे आणि वरून सोडायचे. गोळा उसळला की सगळे एकमेकांकडे पाहायचो. जाड खोळीत हवा कोंडते, तीच गोळ्याला वर ढकलते, असं मी सांगितलं. त्यावर आबेदाने खोळीच्या चारही कडा कापल्या आणि तिथे मच्छरदाणीची जाळी लावली. वरचं कापड बदलून पातळ मांजरपाट घेतला. आता गोळा पडला की कडांमधून हवा फस्स करून निघायची आणि तो खोल जाऊन थांबायचा.

पण आणखी एक अडचण होती. सैल कापूस थोड्या वेळात दबून चपटा व्हायचा. ढीग आणखी उंच पाहिजे होता आणि कापूस पाहिजे होता जिवंत, दाबला की वर येणारा. दुकानातला बहुतेक माल जुन्या गाद्यांमधून निघालेला, मेलेला. चाचांनी माळ्याकडे पाहिलं आणि आबेदा मशीन थांबवून उभी राहिली.

माळ्यावर एक पांढरं पोतं होतं, तोंड हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. अरीबा जन्मली त्या हंगामातला देशी कापूस. आमच्याकडे लेक सासरी जाताना गादी देतात, आणि गादीवाल्याच्या घरची गादी तर सारी बिरादरी हात लावून बघणार. म्हणून चाचा दर हिवाळ्यात ते पोतं उतरवत, कापूस पुन्हा पिंजत, ऊन दाखवत आणि शिवून वर ठेवत.

"अब्बा, वो नको," आबेदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

चाचांनी पोतं खाली घेतलंच. "पोट्टीची मान शाबूत राह्यली त लग्नात गादी देऊ," ते म्हणाले. "नाई त कायची गादी, अन् कोनाले देऊ?" आणि त्यांनी हिरवा दोरा तोडला. आबेदाने डोळे पुसले आणि मशीन सुरू केलं. मला त्या दोघांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण चाचांनी ते गावभर सांगितलं असतं.

इकडे अरीबाच्या मानेचा पट्टा निघाला होता, पण ती दांडीला पाठ दाखवायला तयार नव्हती. वळणापर्यंत सुंदर यायची, आणि पाय रोवायच्या वेळी थबकायची. जिल्ह्याची स्पर्धा तिने कैचीवर कशीबशी निभावली आणि अमरावतीसाठी, विभागाच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. तिथे कैची पुरणार नव्हती. त्याहून वाईट म्हणजे ती एके दिवशी मला म्हणाली, "मॅडम, मी उडी सोडून देतो. मले मागं पडाचं म्हटलं की तोंडात रक्ताची चव येते." ज्या पोरीने चालायला लागल्यापासून नुसत्या उड्या मारल्या, ती हे म्हणत होती. मी तिला विज्ञान समजावलं. भीतीला विज्ञान कळत नाही.

नवी गादी मैदानावर आली ती वरात न काढता. दिसायला भयंकर होती. पोट सुटलेली, कडांना जाळी, एक टाका दुसऱ्याशी बोलत नाही. चाचांनी सगळ्या शाळेसमोर तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि शेजारी बसले. ते आत गेले, ग्लास त्यांच्यावर कलंडला आणि सगळा चहा पायजम्यावर.

"सांडला!" चाचा ओरडले. "पाह्यलं काय, अरीबा? सांडला!"

मग हा म्हातारा माणूस वर्गातून आणलेल्या बाकावर चढला. अंकुर सर धावले, मी "चाचा, नको" म्हणून किंचाळले. त्यांनी टोपी सारखी केली, गादीकडे पाठ केली, हात छातीशी घेतले आणि स्वतःला मागे सोडून दिलं. फस्स. चाचा दिसेनासे झाले. नुसते दोन तळपाय वर राहिले. आतून आवाज आला, "आता मले काढा कोनी तरी."

अरीबा हसली. अपघातानंतर तो तुटका दात मला पहिल्यांदा दिसला. पण ती लगेच उडी मारायला गेली नाही, गोष्टीत होतं तसं काही झालं नाही. त्या दिवशी ती फक्त नानाशेजारी जाऊन पडली. नंतर बाकावरून पाठीवर पडायला लागली, मग नुसत्या दोन पावलांवरून, मग वळणावरून. दर संध्याकाळी चाचा काठी घेऊन मैदानावर यायचे, कापूस मोकळा करून द्यायचे आणि जायचे. अमरावतीला निघायच्या आठवड्यात ती शाळेच्या मैदानावर दांडीवरून पाठीने पार होत होती.

अमरावतीला मीही गेले. तास बुडवून गेले, हे अंकुर सरांनी स्टाफरूममध्ये सांगून ठेवलं आहे. चाचा आमच्या आधी तिथे पोचले होते. मैदान मोठं, मुली ठिकठिकाणच्या, आणि खांबांच्या मागे निळी, फोमची, नवी कोरी मॅट. तिची खोळ ताणलेली, कडा काटकोनात, सुरकुती नाही. अरीबाने ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मला लगेच कळलं. ती मॅट अगदी नानाच्या पहिल्या गादीसारखी दिसत होती.

"सर, एकदा हात लावून पाह्यतो," अरीबा म्हणाली. पंचांनी सांगितलं, सरावाची वेळ संपली, आपल्या जागेवर उभी राहा.

सुरुवातीच्या उंच्या तिने कैचीवर पार केल्या. मग दांडी तिथे गेली जिथे कैची पोचत नाही. पहिल्या प्रयत्नाला ती वळणावर थबकली आणि दांडीखालून पळत गेली. दुसऱ्याला पाय रोवला, पण पाठ फिरलीच नाही, दांडी छातीने पडली. आता एकच प्रयत्न उरला. अंकुर सर दोरीपलीकडून "वळण, वळण" म्हणत होते. वळणात काही चूक नव्हती. तिचं नाव पुकारलं, वेळ सुरू झाली, आणि ती धाव सुरू करायच्या खुणेवर मान खाली घालून उभी राहिली. हलेना.

माझ्या शेजारी चाचा होते, हातात टपरीवरचा चहा. मी वळून पाहिलं तेव्हा ते तिथे नव्हते. ते दोरीखालून वाकून आत गेले होते आणि चहा सांभाळत थेट मॅटकडे चालले होते. "ओ काका! काका, बाहेर!" पंच ओरडले, दोन स्वयंसेवक धावले. चाचांनी कोणाकडे पाहिलं नाही. चहाचा कागदी कप त्यांनी त्या कोऱ्या निळ्या मॅटवर ठेवला आणि सगळं वजन टाकून शेजारी बसले. मॅट खचली, कप कलंडला, तपकिरी ओघळ निळ्यावरून पसरला.

"सांडला!" दोन्ही हात वर करून चाचा ओरडले. "अरीबा, सांडला गं!"

मैदानातल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. अरीबा खुणेवर उभी राहून हसत होती. तुटका दात मला दोरीपासूनही दिसला. मग तिने खांदे सैल सोडले आणि धावली.

आधी सरळ, लांब पावलं, मग वळण. ती आत कलली, पडते की काय वाटावं इतकी. कंबर खाली गेली, पाय रोवला गेला, आणि कललेलं सगळं अंग उभं होत वर उठलं. पाठ फिरली, डोकं मागे गेलं, कमान झाली. माझी बांगडी. आता पाय अडकतील असं वाटलं तेवढ्यात तिने हनुवटी छातीशी घेतली आणि पाय झटकन वर काढले.

चाचा दोरीशी उभे होते, मैदानाकडे पाठ करून, डोळे गच्च मिटून. मॅटचा आवाज आला. फस्स.

"लागलं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, चाचा."

"दात?"

"आहेत तेवढे आहेत."

दांडी राहिली की पडली, हे त्यांनी विचारलंच नाही. दांडी राहिली होती. मी सांगायचा प्रयत्न केला, पण मला रडू आवरेना.

अरीबा उठून धावत आली, पण त्यांच्या गळ्यात पडली नाही. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, चहा पुसा न तो. बाकीच्या पोट्ट्या त्याच्यातच पडतीन काय?"

आणि पंचांचीही तीच आज्ञा होती. ज्याने सांडला त्यानेच पुसायचा आणि मैदानाबाहेर जायचं. चाचा पुन्हा आत गेले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी तो ओघळ कोरडा होईपर्यंत पुसला. पंच डोक्यावर उभे राहून घाई करत होते. पुसून झाल्यावर, मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं तसं, चाचांनी सगळ्या मॅटवरून एकदा तळहात फिरवला.

पुढची मुलगी खुणेवर येऊन उभी होती. कुठली होती कोण जाणे, भेदरलेली, छातीवरचा क्रमांक सारखा करत होती. चाचा तिच्यासाठी बाजूला सरले.

"ये माय," ते म्हणाले. "बिनघोर पड."